कै. डॉ. भाऊ दाजी लाड

पनवेलच्या विद्यार्थ्यास मुंबई शहर परके नाही. इ. स. १८३० मध्ये बोरघाटाचा गाडीरस्ता खुला झाला, तेव्हापासून पुण्याकडील उतारू घाट उतरून पनवेलच्या बंदरात येत व येथून होडीने मुंबईस जात. १८६३ साली आगगाडी घाट चढून गेली आणि आपल्या बंदराची वर्दळ ओसरू लागली. परंतु मुंबईशी असलेला आपला संबंध त्यामुळे तुटला नाही. आज लोकलगाडीने आपण दीड तासाच्या आत तेथे पोहोचतो, आणि २०२४ सालापासून तर समुद्रावरील अटल सेतूनेही जाता येते. मात्र ज्या ठिकाणी नित्य जाणे-येणे असते, त्याकडे डोळे उघडून पाहण्याचे बहुधा राहूनच जाते. भायखळ्याच्या राणीच्या बागेत गेलेला मुलगा वाघ व पेंग्विन पाहून आनंदाने परततो. पण त्याच आवारातील जुन्या, देखण्या वस्तुसंग्रहालयावर कोणाचे नाव आहे व ते का आहे, हा प्रश्न त्याच्या मनात क्वचितच येतो. ते नाव डॉ. भाऊ दाजी लाड यांचे होय. ज्या पुरुषाने रोग्यांची नाडी पाहता पाहता दीड-दोन हजार वर्षांपूर्वीच्या दगडांना बोलते केले, त्याचे चरित्र विद्यार्थ्यांना व त्यांच्या पालकांना सारखेच बोधप्रद वाटेल.

भाऊंचा जन्म इ. स. १८२२ च्या सुमारास गोव्यातील मांद्रे या गावी झाला. पेडणे महालातील हा गाव त्या काळी पोर्तुगीज अमलाखाली होता. त्यांचे पाळण्यातील नाव रामकृष्ण. वडिलांचे नाव विठ्ठल. घरात मुलास भाऊ व वडिलांस दाजी म्हणत, आणि हीच घरगुती नावे पुढे जगाच्या तोंडी बसली. घरची स्थिती अत्यंत गरिबीची होती. मातीच्या बाहुल्या करून विकणे हा वडिलांचा व्यवसाय. कोकणातील व गोव्यातील कितीतरी कुटुंबे त्या काळी पोटासाठी मुंबईची वाट धरीत होती. दाजीही आपल्या मुलांना घेऊन याच वाटेने मुंबईत आले.

मुंबईत लहानग्या भाऊचे पहिले शिक्षण मराठी शाळेत झाले. बुद्धिबळाच्या खेळात हा मुलगा विलक्षण तरबेज होता. त्याचा खेळ पाहून मुंबईचे तत्कालीन गव्हर्नर लॉर्ड क्लेअर प्रसन्न झाले व या मुलास इंग्रजी शिकवावे असे त्यांनी त्याच्या वडिलांच्या मनावर बिंबविले, अशी हकीकत सांगतात. गुणाची पारख करणारा कोणी भेटणे हा दैवयोग खरा. परंतु पारख झाल्यावर वर्षानुवर्षे अभ्यास करणे हे दैवाचे काम नव्हे. भाऊ एल्फिन्स्टन विद्यालयात दाखल झाले, तेथे त्यांनी अनेक बक्षिसे मिळविली, आणि पुढे त्याच संस्थेत ते शिक्षक झाले. रसायनशास्त्र व पदार्थविज्ञान हे विषय ते शिकवीत. याच तरुण वयात त्यांनी कच्छ व काठेवाड येथील स्त्री-बालहत्येच्या दुष्ट चालीवर एक निबंध लिहिला व त्यास सहाशे रुपयांचे पारितोषिक मिळाले. बाहुल्या विकणाऱ्याच्या घरी सहाशे रुपये म्हणजे केवढी रक्कम, याची कल्पना पालकवर्गास सहज येईल.

इ. स. १८४५ मध्ये मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाले. शिक्षकाची बरी नोकरी हाती असताना ती सोडून पुन्हा विद्यार्थ्याच्या बाकावर बसणे ही साधी गोष्ट नव्हती, परंतु भाऊंनी ते केले. १८५१ साली त्या कॉलेजातून पदवी घेऊन जी पहिली तुकडी बाहेर पडली, तीत ते होते. काही काळ सरकारी चाकरी केल्यावर त्यांनी स्वतंत्र व्यवसाय मांडला. त्यांचे धाकटे बंधू नारायण हेही डॉक्टर झाले. दोघा भावांनी मिळून धर्मार्थ दवाखाना चालविला व तेथे गोरगरिबांना मोफत औषध मिळू लागले. थोड्याच वर्षांत भाऊंचे नाव मुंबईभर झाले. श्रीमंतांकडून मिळणारे द्रव्य एका हाताने येई व गरिबांची औषधे, गरजू विद्यार्थी आणि जुने ग्रंथ यांपायी दुसऱ्या हाताने जाई.

त्या वेळची मुंबई ही नव्या-जुन्याची पेठ होती. १८५३ साली बोरीबंदराहून ठाण्यास हिंदुस्थानातील पहिली उतारूंची आगगाडी धावली. त्याच साली सांगलीचे विष्णुदास भावे आपली नाटकमंडळी घेऊन मुंबईस आले. ग्रँट रोडवरील नाटकगृहात त्यांचे खेळ व्हावेत म्हणून भाऊंनी खटपट केली. तत्पूर्वी एक वर्ष, म्हणजे १८५२ च्या ऑगस्टात, नाना शंकरशेट प्रभृती पुढाऱ्यांनी बॉम्बे असोसिएशन ही संस्था स्थापिली. लोकांची गाऱ्हाणी विलायतेच्या पार्लमेंटापुढे रीतसर मांडावीत, हा तिचा हेतू होता. भाऊ तिच्या चिटणिसांपैकी एक होते. आपल्या पनवेलची नगरपालिकाही १८५२ सालचीच, हे येथे ध्यानात घेण्यासारखे आहे. आपल्या गावाचा व आपल्या देशाचा कारभार आपण समजून घेतला पाहिजे, ही जाणीव त्या पिढीत उदय पावत होती. भाऊ इंग्रज अधिकाऱ्यांशी स्नेहाने वागत, त्यांच्या विद्येचा मान राखीत, आणि त्याच वेळी त्यांच्या राज्यातील अन्यायाविरुद्ध अर्जही लिहीत. या दोहोंत त्यांना विरोध वाटला नाही.

त्यांच्या धैर्याची कसोटी १८६२ साली लागली. करसनदास मुळजी या गुजराती संपादकाने एका धनाढ्य पंथाच्या महाराजांच्या अनीतीवर लेख लिहिले, तेव्हा महाराजांनी त्याच्यावर अब्रूनुकसानीचा दावा लावला. पंथाचे अनुयायी म्हणजे मुंबईतील मोठमोठे व्यापारी. त्यांना दुखविणे म्हणजे डॉक्टराने आपल्या व्यवसायावर पाणी सोडणे. तरीही भाऊंनी कोर्टात उभे राहून, वैद्य या नात्याने आपणास जे ठाऊक होते, ते शपथेवर सांगितले. संपादकाचा बचाव न्यायालयाने ग्राह्य धरला. सत्य सांगण्यास केवळ ज्ञान पुरत नाही, त्याची किंमत देण्याची तयारीही लागते, हे या प्रसंगावरून दिसते.

परंतु भाऊंची खरी कीर्ती वेगळ्याच क्षेत्रात आहे. आपल्या सह्याद्रीच्या कड्यांत कार्ले, भाजे, कोंडाणे, कान्हेरी, नाशिक व अजिंठा अशी शेकडो लेणी कोरलेली आहेत. त्यांच्या भिंतींवर प्राचीन अक्षरे आहेत. पण ती वाचण्याची विद्या शेकडो वर्षे नष्ट झालेली होती. गावोगावचे लोक या लेण्यांना पांडवांची कामगिरी समजत. १८३७ च्या सुमारास कलकत्त्याच्या टाकसाळीतील अधिकारी जेम्स प्रिन्सेप याने अशोककालीन ब्राह्मी लिपीचा उलगडा केला, आणि बंद पेटीची किल्ली सापडावी तसे झाले. मुंबईतही रॉयल एशियाटिक सोसायटीच्या शाखेत या विषयाचा अभ्यास चाले. शाळा व कॉलेज यांमुळे ज्यांचे नाव आजही मुंबईत घेतले जाते, ते स्कॉटिश मिशनरी डॉ. जॉन विल्सन हे या अभ्यासकांत प्रमुख होते. १८४८ साली लेण्यांच्या पाहणीसाठी नेमलेल्या मंडळाचे तेच अध्यक्ष होते. तथापि एतद्देशीय विद्वानांत हे काम आधुनिक पद्धतीने करणारे फारच थोडे. भाऊंनी ती उणीव भरून काढण्याचे मनावर घेतले.

शिलालेख वाचण्याचे काम कसे चालते, हे विद्यार्थ्यांनी समजून घ्यावे. प्रथम दगडावरील धूळ व शेवाळ काढून तो स्वच्छ करावा लागतो. मग ओला कागद दगडावर पसरून ब्रशाने ठोकतात, म्हणजे तो अक्षरांच्या खाचांत बसतो. वाळल्यावर त्यावर अक्षरांचा ठसा उमटलेला असतो. हा ठसा घरी आणून एकेक अक्षर ओळखावयाचे, झिजलेल्या जागी काय असावे याचा तर्क करावयाचा, आणि भाषेच्या व व्याकरणाच्या नियमांनी तो तर्क पारखावयाचा. एका अक्षराने राजाचे नाव बदलते, एका अंकाने शतक बदलते. अंकांचा प्रश्न तर फारच बिकट होता, कारण त्या काळी शून्याची चाल नव्हती व दहा, वीस, शंभर यांस निरनिराळी चिन्हे असत. नाशिकच्या लेण्यांतील काही लेखांत एकच संख्या शब्दांनीही दिली आहे व चिन्हांनीही. दोन्ही ताडून पाहिल्यास चिन्हाचा अर्थ लागतो. अशा प्राचीन अंकांवर भाऊंनी निबंध लिहून विद्वानांपुढे ठेवला. रोगाचे लक्षण पाहून कारण शोधण्याची वैद्याची दृष्टी त्यांना येथेही उपयोगी पडली, असे म्हणावयास हरकत नाही.

अजिंठ्याच्या लेखांच्या आधी छापलेल्या नकला सदोष होत्या. भाऊ स्वतः अजिंठ्यास गेले, तेथील लेखांच्या नव्या नकला घेतल्या व त्यांचे वाचन व भाषांतर प्रसिद्ध केले. सोळाव्या लेण्यातील ज्या लेखात वाकाटक राजांची वंशावळ आहे, तोही त्यांत होता. एके काळी महाराष्ट्रावर व विदर्भावर राज्य करणारा हा वंश लोकांच्या स्मरणातून पार पुसला गेला होता. दगडाने मात्र त्याचे नाव जपून ठेवले होते. काठेवाडात जुनागडच्या खडकावर अशोक, रुद्रदामन् व स्कंदगुप्त या तीन निरनिराळ्या काळांतील राजांचे लेख एकत्र आहेत. त्यांवरही भाऊंनी परिश्रम केले. कवी कालिदासाच्या कालाविषयी त्यांनी १८६० साली वाचलेला निबंध विद्वानांत पुष्कळ चर्चिला गेला.

दवाखान्यातील रोग्यांना सोडून देशभर हिंडणे भाऊंना शक्य नव्हते. म्हणून त्यांनी आपल्या कमाईतून माणसे पाठविली. त्यांत जुनागडचे भगवानलाल इंद्रजी हे अग्रगण्य होत. इंग्रजी विद्यालयाचे शिक्षण नसलेला हा तरुण आपल्या गावचा खडक वाचण्याच्या छंदाने झपाटलेला होता. भाऊंनी त्याचा गुण ओळखला व १८६१ च्या सुमारास त्याला मुंबईस बोलावून घेतले. त्यानंतर बैलगाडीने, उंटावरून, पायी असा प्रवास करीत भगवानलालांनी हिंदुस्थानभर फिरून लेखांचे ठसे व नाणी जमविली. ज्या मुलाचे भाग्य एका परक्याने बुद्धिबळाच्या पटावर पाहिले, त्याने मोठेपणी दुसऱ्या एका मुलाचे भाग्य जुनागडच्या खडकापाशी पाहिले. पुढे भगवानलालांना हॉलंडातील लायडन विद्यापीठाने सन्मानाची पदवी दिली. आणि १८८२ साली वसईजवळील सोपारा या प्राचीन बंदराच्या ठिकाणी त्यांनी बौद्ध स्तूप उकरून त्यातील अवशेषांचा करंडक उजेडात आणला. मुंबई व पनवेल ही नावे कोणी ऐकली नसतील तेव्हा आपल्या किनाऱ्यावर सोपाऱ्यासारखी बंदरे गजबजलेली होती, हे ज्ञान आपणांस अशा माणसांच्या पायपिटीने मिळाले आहे.

आता वस्तुसंग्रहालयाची हकीकत. १८५७ साली मुंबईच्या कोटातील लष्करी बराकीत सरकारी संग्रहालय होते. त्या वर्षीच्या उठावाच्या धामधुमीत ती जागा फौजेला हवी झाली व तेथील वस्तू घाईघाईने बाहेर काढण्यात आल्या. कित्येकांची नासधूस झाली. तेव्हा शहराला स्वतःची पक्की इमारत हवी, असे ठरून वर्गणी गोळा होऊ लागली. नाना शंकरशेट, डॉ. जॉर्ज बर्डवुड व डॉ. भाऊ दाजी यांनी या कामी अतिशय मेहनत घेतली. १९ नोव्हेंबर १८६२ रोजी पायाचा दगड बसला व २ मे १८७२ रोजी इमारत लोकांस खुली झाली. तिला व्हिक्टोरिया राणी व तिचे पती आल्बर्ट यांची नावे देण्यात आली होती. इमारत परकीय घाटाची, नाव परकीय राणीचे. पण तीत वर्गण्या येथील पारशी, यहुदी, हिंदू व इतर व्यापाऱ्यांच्या होत्या आणि श्रम भाऊंसारख्यांचे होते. १९७५ साली तिला डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव मिळाले. पुढे तिची काळजीपूर्वक दुरुस्ती झाली व २००५ साली युनेस्कोने त्या कामाचा गौरव केला. या संग्रहालयात निरनिराळ्या जातींच्या व धंद्यांच्या लोकांच्या मातीच्या लहान लहान प्रतिमा मांडलेल्या आहेत. मातीच्या बाहुल्या विकणाऱ्या दाजींच्या मुलाचे नाव ज्या घरावर आहे, तेथे या बाहुल्या पाहून कोणाचेही मन भरून येईल.

संग्रहालयाबाहेर एक प्रचंड दगडी हत्ती उभा आहे. हा आपला शेजारी आहे. घारापुरी बेटावर तो शतकानुशतके उभा होता व त्याच्यावरूनच पोर्तुगीजांनी त्या बेटास एलिफंटा म्हटले. १८६४ साली त्यास विलायतेस नेण्याचा घाट घातला गेला, परंतु उचलताना यारी मोडली व हत्तीचे तुकडे झाले. ते तुकडे राणीच्या बागेत आणण्यात आले व पुढे जोडून हत्ती पुन्हा उभा केला गेला. वस्तू उचलून नेणे आणि वस्तूचा अर्थ वाचणे, या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. भाऊंच्या माणसांनी डोंगरातून ठसे आणले आणि लेख जागच्या जागी राहिले.

भाऊंच्या आयुष्यात अंधाराचे दिवसही आले, ते लपवून ठेवण्याचे कारण नाही. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला, आणि सारे शहर शेअरांच्या नादी लागले. १८६५ साली युद्ध संपताच तो फुगा फुटला. हजारो घरांबरोबर भाऊंचेही द्रव्य त्यात गेले. एवढा विचारी पुरुष या लाटेत सापडला, यावरून लोभाच्या साथीपुढे शहाणपणाची लस किती कमी पडते ते पाहावे. नाव घेण्यासारखी गोष्ट ही की, द्रव्य गेल्यावर त्यांनी गरिबांचा दवाखाना सोडला नाही व संशोधनही सोडले नाही. १८६९ व १८७१ अशी दोन वर्षे ते मुंबईचे शेरीफ झाले.

दुसरी गोष्ट महारोगाविषयीची. आपल्या प्राचीन वैद्यकग्रंथांचा शोध घेऊन त्यांनी कडू कवठीच्या बियांपासून या रोगावर औषध सिद्ध केले व पुष्कळ रोग्यांवर ते चालविले. ज्या रोग्यांना सख्खे आप्तही दूर लोटीत, त्यांना भाऊ जवळ बसवून तपासीत. परंतु पूर्ण खात्री होईपर्यंत औषधाची कृती त्यांनी जगापुढे मांडली नाही, आणि ती मांडण्यापूर्वीच पक्षाघाताने त्यांना गाठले. ३१ मे १८७४ रोजी त्यांचे देहावसान झाले. पुढे त्याच जातीच्या बियांचे तेल १९४० च्या दशकात सल्फोन औषधे येईपर्यंत जगभर महारोगावरील मुख्य उपाय म्हणून वापरले गेले. त्या इतिहासात भाऊंचे स्थान जेवढे असावयास हवे होते, तेवढे राहिले नाही. याउलट शिलालेखांवरील त्यांचे निबंध वेळच्या वेळी छापले गेले होते. १८८८ साली ते ग्रंथरूपाने एकत्र झाले, आणि आजही अभ्यासकांना त्यांचा आधार घ्यावा लागतो. जे लिहून दुसऱ्याच्या हाती दिले ते उरले. जे मनात राहिले ते चितेबरोबर गेले. ज्याने आयुष्यभर दुसऱ्यांचे पुसट लेख वाचले, त्याच्याच जीवनातील हा धडा मोठा मनाला लागणारा आहे.

विद्यार्थिमित्रहो, पुढच्या खेपेस राणीच्या बागेत जाल तेव्हा पाऊण तास या संग्रहालयासाठी राखून ठेवा. मात्र बुधवारी ते बंद असते. पालकांनीही बरोबर जावे व मुलांना मुंबईच्या जुन्या सात बेटांचा नकाशा दाखवावा. आणि एवढ्यावरच थांबू नये. आपल्या पनवेलातही वाचण्यासारखे पुष्कळ आहे. कर्नाळ्याचा किल्ला आहे, १८४९ सालचे बेने इस्रायल बांधवांचे बेथ एल प्रार्थनामंदिर आहे, जुने वाडे, तलाव व बंदराची जागा आहे. एखाद्या दारावरील झिजलेली ओळ, आजोबांच्या पेटीतील मोडी कागद, स्मशानातील जुन्या थडग्यावरील साल, यांची नक्कल करून ठेवण्यास वहीखेरीज काही लागत नाही. आपल्या गावाचा विस्तार झपाट्याने होत आहे. २०१६ साली येथे महानगरपालिका झाली, नवे रस्ते व नवी घरे उठत आहेत. जुनी भिंत पडण्यापूर्वी तिच्यावर काय लिहिले होते ते कोणीतरी उतरून घेतले पाहिजे, आणि उतरून घेतलेले दुसऱ्यास दिले पाहिजे. डॉ. भाऊ दाजींचे ऋण फेडण्याचा याहून चांगला मार्ग आपल्या हाती नाही.